सीमेपलीकडं शून्याचं बिल, मग आपल्याकडं का नाही? घरगुती वीजदर आणि सरकारी मदत, सोप्या भाषेत

देगलूर, बिलोली, उदगीर, निलंगा, उमरगा या पट्ट्यात उन्हाळा लागला की एक प्रश्न हमखास निघतो. इथल्या कितीतरी घरांची सोयरीक बिदर, बसवकल्याण, बोधन, निजामाबादकडं आहे. लग्नकार्याला जाणं-येणं होतं, गप्पांत बिलांचा विषय निघतो आणि कळतं की तिकडच्या मावशीला विजेचं बिल शून्य आलंय. इकडं आपल्या हातात चौदाशे-पंधराशेचा कागद. तीच भाकरी, तेवढेच पंखे, तसाच कूलर. मग आपल्यालाच का भरावं लागतं?

प्रश्न रास्त आहे. कर्नाटकात २०२३ च्या जुलैपासून गृहज्योती योजना सुरू झाली. तिथं आधीच्या वर्षाचा सरासरी वापर आणि वर १० टक्के, पण जास्तीत जास्त २०० युनिटपर्यंत, असा हिशेब धरून बिल माफ होतं. तेलंगणातही २०२४ पासून त्याच नावाची योजना आहे, ती रेशन कार्ड असलेल्या गरीब कुटुंबांना २०० युनिटपर्यंत लागू होते. महाराष्ट्रात घरगुती ग्राहकाला अशी सरसकट माफी नाही. मदत मात्र आहे. ती बिलाच्या आतच दडलेली असल्यानं दिसत नाही, आणि दिसत नसल्यामुळं अनेक घरांच्या हातून ती निसटते. विशेषतः भाड्यानं राहणाऱ्यांच्या.

बिलात नेमकं काय काय असतं

महावितरणच्या घरगुती बिलात पाच गोष्टी महत्त्वाच्या. स्थिर आकार म्हणजे एक युनिटही वापरलं नाही तरी भरायची रक्कम. वीज आकार म्हणजे प्रत्यक्ष विजेची किंमत, जी वापराच्या टप्प्यानुसार बदलते. वहन आकार म्हणजे तारा, खांब, रोहित्रांतून वीज घरापर्यंत आणण्याचं भाडं, दर युनिटमागं. इंधन समायोजन आकार म्हणजे कोळसा किंवा बाहेरून घेतलेली वीज अंदाजापेक्षा महाग पडली तर होणारी वसुली. तो महिन्यागणिक बदलतो, कधी नसतोही. आणि या सगळ्या बेरजेवर १६ टक्के विद्युत शुल्क.

हे शेवटचं नीट लक्षात ठेवा. विद्युत शुल्क महावितरणला मिळत नाही, राज्य सरकारच्या तिजोरीत जातं. ज्या सरकारकडं आपण बिलात मदत मागतो, तेच सरकार त्याच बिलातून शेकड्याला सोळा रुपये घेतं.

दर ठरवते कोण? महावितरणही नाही आणि मंत्रीही नाहीत. हे काम महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचं. महावितरण आपला खर्च आयोगापुढं मांडतं, लोकांच्या हरकती मागवल्या जातात, सुनावणी होते, मग आदेश निघतो. त्या हरकती कुणीही सामान्य ग्राहक नोंदवू शकतो, पण आपल्या भागातून किती जण हे करतात?

पहिली शंभर युनिटं म्हणजे रेशनचं धान्य

टप्प्यांचं गणित एकदा समजलं की निम्मं बिल समजलं. २०२४-२५ या वर्षाचे दर घेऊ. पहिल्या १०० युनिटला ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० ला १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० ला १४ रुपये ५५ पैसे, त्यापुढं १६ रुपये ६४ पैसे. प्रत्येक युनिटवर वहन आकार १ रुपया १७ पैसे वेगळा, आणि सिंगल फेजचा स्थिर आकार महिन्याला १२८ रुपये. आयोगाच्या नव्या आदेशानं हे आकडे बदलतात. ताजे दर महावितरणच्या संकेतस्थळावर मिळतात. गणिताची रीत मात्र तीच राहते.

रेशनच्या दुकानात ठरलेलं धान्य स्वस्तात मिळतं, घरात त्याहून जास्त लागलं तर किराणा दुकानातून बाजारभावानं आणावं लागतं. पहिली शंभर युनिटं ही तशी रेशनची वीज आहे. दारिद्र्यरेषेखालच्या, अगदी कमी वापराच्या ग्राहकांचा वेगळा गट सोडला तर घर कुणाचंही असो, पहिल्या शंभराचा दर एकच.

आता आपल्याकडचा उन्हाळा. हिवाळ्यात ८५ युनिट लागणारं घर धरा: दोन-तीन पंखे, टीव्ही, छोटा फ्रिज. इंधन समायोजन बाजूला ठेवलं तर शुल्कासह बिल होतं साधारण ७२८ रुपये. एप्रिलमध्ये पत्र्याचा मोठा कूलर सुरू झाला. दीडशे-पावणेदोनशे वॅटचा कूलर दिवसात बारा तास चालला तर दोन युनिट खातो, महिन्याला साठ. वापर झाला १४५. बिल? साधारण १,४२९ रुपये. वापर पावणेदोन पटीलाही पोचला नाही, बिल जवळजवळ दुप्पट झालं. कारण शंभरापुढच्या प्रत्येक युनिटला वहन आकार आणि शुल्क धरून तेरा रुपयांच्या वर मोजावे लागतात. शंभराच्या आत तेच युनिट सात रुपयांच्या आत पडतं.

त्यात पाण्याची मोटर. मराठवाड्यातल्या बऱ्याच शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी हौद भरा, मग वर टाकीत चढवा. नाहीतर बोअर आहेच. एक एचपीची मोटर तासाला सुमारे एक युनिट घेते. पाण्याची टंचाई अशी विजेच्या बिलातही उतरते, आणि हा खर्च पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या माणसाला सहसा कळत नाही.

"शंभर ओलांडले की सगळीच युनिटं महाग होतात ना?"

नाही. हा गैरसमज घरोघरी आहे. १०१ वं युनिट आलं तरी आधीची शंभर जुन्याच दरानं राहतात. फक्त पुढचं एक महाग पडतं. उलट कर्नाटक-तेलंगणाच्या योजनेत २०० ची रेघ ओलांडली की सवलत जाते आणि पूर्ण बिल भरावं लागतं. तिकडं २०० आणि २०१ यांत मोठी दरी आहे, आपल्याकडं तशी नाही.

दुसरा संशय असा की रीडिंग घेणारा मुद्दाम उशिरा येतो, म्हणजे युनिटं वरच्या टप्प्यात जातील. रीडिंग तीस दिवसांऐवजी पस्तीस दिवसांनी झालं तर टप्प्याची मर्यादाही त्या प्रमाणात वाढवायची असते. २०२० च्या लॉकडाऊननंतर जूनमध्ये एकदम मोठी बिलं आली तेव्हा हाच मुद्दा होता. तीन महिन्यांची युनिटं महिन्यांत वाटून टप्प्यांचा लाभ द्यावा लागला. बिलावर मागचं आणि चालू रीडिंग, दोन्ही तारखा असतात. दिवस मोजा. हिशेब जुळत नसेल तर तक्रारीला पक्का आधार मिळाला.

एका मीटरवर चार चुली

माझ्या मते मराठवाड्यातल्या शहरांत सगळ्यात जास्त मदत वाया जाते ती इथं.

लातूरला शिकवणीसाठी आलेली मुलं, संभाजीनगरच्या वाळूज-बजाजनगरातले कामगार, नांदेडच्या वस्त्यांतली कुटुंबं. बहुतेकांच्या खोल्यांचा पॅटर्न एकच: मालकाच्या नावावर एक मीटर, त्यातून चार खोल्यांना लाइन, प्रत्येक दाराशी मालकानं बसवलेला छोटा सबमीटर. महिनाअखेरीला मालक सबमीटर बघतो, एकूण बिलाला एकूण युनिटानं भागतो आणि येईल तो दर सगळ्यांना लावतो. त्यात मालकाची लबाडी असेलच असं नाही. पण गणित बघा.

चार कुटुंबं, प्रत्येकाचा वापर ९० युनिट. प्रत्येकाचा स्वतःचा मीटर असता तर चौघंही पहिल्याच टप्प्यात राहिले असते आणि प्रत्येकाला शुल्कासह साधारण ७६२ रुपये आले असते. एकाच मीटरवर मात्र ३६० युनिट झाले. म्हणजे स्वस्तातली शंभर युनिटं चौघांत मिळून एकदाच, पुढची दोनशे दुप्पट दरानं आणि वरची साठ तिप्पट दरानं. एकूण बिल साधारण ४,५८३ रुपये, चौघांत भागलं तर १,१४६. स्थिर आकार चार वेळा नाही, एकदाच भरावा लागतो असं मालक सांगतो ते खरं आहे, आणि तो वाचूनही प्रत्येक कुटुंबाला महिन्याला ३८० रुपयांवर भुर्दंड बसतोय. वर्षाला साडेचार हजार. ज्याला दरमहा दोन हजाराची खोली परवडते त्याच्यासाठी ही दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त रक्कम आहे.

ज्याचं घर स्वतःचं, मीटर स्वतःचा, त्याला पहिल्या शंभराची सवलत न मागता मिळते. जो भाड्यानं राहतो, ज्याला खरी गरज आहे, त्याला ती पाव वाट्यानं मिळते. मोफत विजेची घोषणा उद्या झाली तरी हेच होईल, कारण कुठलीही योजना शेवटी मीटरच्या नावावर येते.

"वीज तर आमच्या परळीत तयार होते, मग आम्हालाच स्वस्त का नाही?"

परळीच्या औष्णिक केंद्राची राख अंगावर घेणाऱ्या माणसानं हा प्रश्न विचारला तर त्याचा राग समजण्यासारखा आहे. पण वीज राज्याच्या एका सामायिक जाळ्यात जाते आणि तिथून सगळीकडं वाटली जाते. २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचे संच बंद ठेवावे लागले, तरी बीडमध्ये दिवे लागत होते ते याच जाळ्यामुळं. महावितरणच्या क्षेत्रात घरगुती दर सगळीकडं एकच असतो, जालन्यात जो तोच गडचिरोलीत. प्रत्येक जिल्ह्याचा खर्च वेगळा काढला असता तर विरळ वस्ती, लांब तारा आणि जास्त गळती असलेल्या आपल्या भागाला दर चढाच पडला असता. राखेचा, प्रदूषणाचा मोबदला मागायचा तो वेगळा आणि ठामपणे मागावा. तो दरात शोधून हाती लागणार नाही.

मग "मोफत" विजेचे पैसे कोण भरतं

दोन वाटा आहेत. पहिली उघड: सरकार अर्थसंकल्पातून पैसे देतं. वीज कायदा २००३ च्या कलम ६५ नुसार सरकारला एखाद्या ग्राहकवर्गाला सवलत द्यायची असेल तर ती रक्कम वीज कंपनीला आगाऊ द्यावी लागते. दुसरी वाट आतून जाणारी, तिला क्रॉस सबसिडी म्हणतात. कारखाना, दुकान यांच्याकडून खर्चापेक्षा जास्त दर घ्यायचा आणि शेती व कमी वापराच्या घरांना खर्चापेक्षा कमी दरात द्यायची. आपली पहिली शंभर युनिटं स्वस्त आहेत ती मुख्यतः या दुसऱ्या वाटेनं.

या दुसऱ्या वाटेला आता भगदाड पडू लागलंय. कारखाने छतावर, माळावर स्वतःची सौर वीज उभारतात किंवा बाहेरून थेट वीज घेतात. चढा दर भरणारा ग्राहक जाळ्यातून कमी झाला की उरलेल्यांवर भार येतो. इकडं कारखाने टिकावेत म्हणून सरकारनंच विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांना २०१६ पासून वीजदरात अनुदान द्यायला सुरुवात केली. म्हणजे एका हातानं उद्योगाकडून जास्त घ्यायचं, दुसऱ्यानं त्यालाच थोडं परत करायचं. मदत उघड, अर्थसंकल्पातून आणि नावानिशी द्यावी असं मला वाटतं ते यासाठी. आतल्या वाटेच्या मदतीचा हिशेब कुणीच नीट सांगू शकत नाही.

"शेतकऱ्याला मोफत, मग आम्हाला का नाही?"

मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. राज्यात अशा शेतकऱ्यांची संख्या ४४ लाखांच्या आसपास, आणि त्यासाठी सरकारवर वर्षाला १४ हजार कोटींहून जास्त बोजा. शहरातल्या माणसाला हे खुपतं. पण ज्याच्या शेतात लाइट रात्री येते, जो थंडीत, विंचूकाट्यात दार धरायला जातो, त्याच्याशी ही तुलना मला पटत नाही. शेतीची वीज दिवसा मिळावी म्हणून फीडरच, म्हणजे शेतीपंपांकडं वीज नेणारी मुख्य वाहिनीच, सौर ऊर्जेवर चालवायची योजना सुरू आहे. ती पुरी झाली तर मोफत विजेचा बोजाही उतरेल, कारण सौर वीज स्वस्त पडते.

घरांसाठीही सरकारनं हाच सौर रस्ता धरलाय.

छतावरची सौर वीज: कुणाला जमते, कुणाला नाही

प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागं ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये. एक किलोवॅट महिन्याला सुमारे १२० युनिट देतं, आणि ऊन हे तर आपल्याकडं भरपूर. दिवसा तयार झालेली जादा वीज जाळ्यात जाते, रात्रीच्या वापरातून वजा होते. याला नेट मीटरिंग म्हणतात. तरी बिल अगदी कोरं होत नाही, स्थिर आकार राहतोच. २०२५ मध्ये राज्य सरकारनं दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांसाठी एक किलोवॅटला जादा अनुदानाची योजनाही आणली.

अडचण पैशाच्या आधी छताची आहे. खेड्यात जुनी माळवदं आहेत; मातीच्या त्या छतावर पाऊस मुरू नये म्हणून दरवर्षी पांढरी माती टाकावी लागते, तिथं पॅनलचा सांगाडा कसा रोवणार? पत्र्याच्या घराचं तेच. आणि भाडेकरूचं तर छतच नाही. ज्याच्याकडं स्लॅब आहे आणि बिल दीड-दोन हजारांवर जातं, त्यानं मात्र थांबू नये. महिन्याला ८०-९० युनिट वापरणाऱ्यानं जादा अनुदान मिळत असेल तरच उडी घ्यावी. त्याची वीज आधीच स्वस्त टप्प्यातली आहे, बचत हळू होईल.

"मीटर बदललं आणि बिल वाढलं"

नवा मीटर मुद्दाम जादा मोजतो असं सरसकट म्हणता येत नाही. जुनी चकतीची मीटरं वयानं हळू झालेली असायची, छोटा भार धरत नसत. नवा मीटर चार्जरसुद्धा धरतो. पण शंका असेल तर घरच्या घरी तपासा. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, शेजारी बहुधा ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो: इतक्या लुकलुकण्यांचं एक युनिट. घरातली सगळी बटणं बंद करा. दिवा तरी लुकलुकत राहिला तर मेन स्विच बंद करा. मग थांबला तर घरातल्या वायरिंगमध्ये गळती आहे किंवा काहीतरी चालू राहिलंय. मेन बंद करूनही लुकलुकत असेल तर मीटरनंतर कुणीतरी तुमच्या लाइनला जोडलंय किंवा मीटरच सदोष आहे. मग मीटर तपासणीचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

उन्हाळ्यात येणारं "अतिरिक्त सुरक्षा ठेव" नावाचं वेगळं बिल हाही घोटाळा नाही. मासिक बिलाच्या ग्राहकाची ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी असावी असा आयोगाचा नियम आहे, वापर वाढला की फरक मागतात. ही रक्कम तुमचीच राहते, तिच्यावर व्याज मिळतं आणि ते बिलातून वळतं होतं.

बिल पटत नसेल, भाडेकरू असाल तर

आधी १९१२ वर किंवा उपविभागीय कार्यालयात तक्रार, तक्रार क्रमांक घेऊन. तिथं दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यानंतर विद्युत लोकपाल. या दोन्ही ठिकाणी वकिलाशिवाय स्वतः बाजू मांडता येते. थकबाकीसाठी वीज तोडायची तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हे वीज कायद्याचं कलम ५६ सांगतं. दोन वर्षांपेक्षा जुनी, मधल्या बिलांत सतत न दाखवलेली रक्कम अचानक मागता येत नाही, हेही त्याच कलमात आहे.

आणि खोलीचं दार वेगळं, चूल वेगळी, वायरिंग वेगळं करता येण्यासारखं असेल तर स्वतंत्र मीटर मागा. कलम ४३ मध्ये वीज मागण्याचा हक्क मालकाला आहे तसाच जागेत राहणाऱ्यालाही आहे. मालक ना हरकत पत्र देत नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलंय. भाडेकरार आणि ओळखपत्र जोडून अर्ज करा. मालकाशी भांडून नव्हे, वरचं ३६० युनिटांचं गणित त्याच्यापुढं ठेवून. त्याचाही फायदा आहे: भाडेकरूनं बिल थकवलं तर ते मालकाच्या मीटरवर येणार नाही. आणि घर स्वतःचं असूनही दोन भाऊ वेगळे निघालेत, चुली वेगळ्या झाल्यात, मीटर मात्र अजून वडिलांच्या नावावर एकच आहे, अशी घरं तर गावोगाव आहेत. त्यांनीही हाच अर्ज करावा.